शिकारी साहेबांची पुस्तकं आपल्या काय कामाची?

(अचलपूर येथे वनहक्क दाव्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज दाव्याला जोडायच्या पुराव्याबद्दल बोलायचं आहे. त्यात मी एक वेगळीच गोष्ट मांडणार आहे : इंग्रज साहेबांनी लिहिलेली शिकारीची पुस्तकं. कोणी म्हणेल, "वाघ मारनाऱ्या साहेबाचं पुस्तक आपल्याले काहून पाह्यजे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर ऐका.

वनहक्क कायदा 2006 चा, नियम 1 जानेवारी 2008 चे. आदिवासींसाठी 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा पाहतात. पण आपल्याच गावात राहणाऱ्या गवळी, बलाई भावांना त्या तारखेच्या मागं तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, जंगलात राहिल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे 1930 च्या मागं जावं लागतं. त्या काळचा सातबारा कुठून आणायचा? आपल्या आज्याला पावती कोणी दिली होती? खात्याच्या कागदात तो 'अतिक्रमणदार' नाही तर 'मजूर'. मग त्या काळी जंगलात कोण होतं, हे लिहून कोणी ठेवलं? एक गॅझेटियर लिहिणाऱ्यांनी, आणि दुसरं शिकाऱ्यांनी.

परतवाड्याला तेव्हा इलिचपूरची छावणी होती. साहेब लोक उन्हाळ्यात चिखलदऱ्याला चढायचे. बंदूक त्यांची, पण रान माहीत होतं ते आपल्या माणसाला. पाणवठा कुठं, वाघ कोणत्या नाल्यात बसतो, हे सांगणारा कोरकू. हाका घालणारे कोरकू, मचाण बांधणारे कोरकू, बांधायला बोदा विकणारा गवळी. साहेबानं स्वतःची बढाई लिहिली, पण ती लिहिताना मुक्काम, वाट, नाला, शेत आणि माणसं त्याच्या कागदावर उतरली.

कॅप्टन फोरसाइथचं पुस्तक घ्या. 1871 साली लंडनमध्ये छापलं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'मध्य भारताचा डोंगरी मुलूख'. हा माणूस निमाडचा अधिकारी होता. निमाड म्हणजे आपल्या धारणीला लागून. पुस्तकात वाघावर एक प्रकरण आहे, पण सागवानी मुलुखावर आहे, आदिवासींवर आहे, आणि गोंडांच्या लिंगोच्या गाण्यावरही एक अख्खं प्रकरण आहे. कोरकूंबद्दल आहे. झाडं तोडून, वाळवून, जाळून राखेत पेरायची जी दह्याची शेती, तिच्याबद्दलही आहे. साहेबाला ती शेती पसंत नव्हती. सागाचा नाश होतो म्हणून त्याची तक्रार.

साथींनो, ती तक्रारच आपल्या कामाची आहे. आपल्याशी ज्याचं भांडण, तोच लिहून देतो की हे लोक इथं होते आणि जमीन कसत होते. आपल्या बाजूच्या माणसानं लिहिलं असतं तर समितीत म्हणाले असते, हे तर तुमचेच. हा साक्षीदार आपला नाही, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

पण डोळे झाकून धरू नका. तीन गोष्टी सांभाळा.

एक, फोरसाइथचा मुलूख पचमढी ते निमाड आणि पुढं पूर्वेकडं. आपल्या गावाचं नाव त्यात सापडेलच असं नाही. त्यातून कोरकूंची रीत, शेती, जंगलाशी नातं दाखवता येतं. अमुक शेत अमक्याचं, हे नाही. गावासाठी गॅझेटियर पाहा : लायलसाहेबाचं वऱ्हाडचं 1870 चं, आणि अमरावती जिल्ह्याचं 1911 चं. नियम 13 मध्ये गॅझेटियरचं नाव घेऊन लिहिलं आहे. शिकारीच्या पुस्तकाचं नाव तिथं नाही, पण ती यादी बंद नाही. म्हणून ते मुख्य पुरावा नको, जोडपुरावा म्हणून लावा.

दोन, नावं. साहेबानं कानाला आलं तसं लिहिलं. मग आपल्या ढाण्यांच्या नावांचं त्यानं काय केलं असेल! शिवाय 1905 पर्यंत इलिचपूर हा वेगळा जिल्हा होता, आणि 1903 पर्यंत वऱ्हाडचा कागद हैदराबादच्या नावाखाली ठेवलेला. अमरावतीच्या नावानं शोधाल तर हाती काही लागणार नाही.

तीन, त्या पुस्तकांत आपल्याला रानटी, आळशी, दारुडे म्हटलेलं आहे. वाचताना राग येतो, यायलाच पाहिजे. पण पान फाडू नका. शिवी त्याची, साक्ष आपली.

आता काम. पान सापडलं की त्याची झेरॉक्स काढा, पुस्तकाचं पहिलं पान आणि छापल्याचं साल सोबत घ्या. मराठीत उतरवा, ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, कोरकूत समजावून सांगा. म्हाताऱ्या माणसांना विचारा : हा नाला कोणता? ही वाट कुठली? त्यांचं म्हणणं लिहून घ्या, अंगठा घ्या. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा जबाब हा नियमातला पुरावा आहे. नियम एकाहून जास्त पुरावे मागतो. मग पुस्तकाचं पान, म्हाताऱ्याचा जबाब, आणि जागेवरच्या खुणा : जुनी विहीर, बांध, देवाची जागा, मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले मुंडे. हे सगळं एकमेकांना जुळलं की दावा उभा राहतो.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. या कायद्यानं गौण वनोपज, चराई, मासे, कसलेली जमीन हे हक्क मान्य केले. शिकारीचा हक्क मात्र वगळला. तो आपण मागतही नाही. साहेब शिकार करून गेला, त्याच्या भिंतीवर कातडं लागलं. ज्यांनी हाका घातला त्यांच्या नातवांना आज जंगलाबाहेर जा म्हणतात, वाघासाठी. त्यांना दाखवा की वाघ मारणारा कोण होता आणि वाघाशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणारा कोण होता. पुस्तक त्यांच्याच साहेबाचं आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं निदान एका म्हाताऱ्याचा जबाब लिहून आणायचा. पानं शोधायचं काम शिकलेल्या पोरा-पोरींनी घ्यायचं.

जिंदाबाद!