दार उघडे राहिले पाहिजे
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही एका घराविषयी बोलणार आहोत. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे ते घर. १९२१-२२ या काळात बाबासाहेब तेथे राहिले. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज, एवढ्या बळावर ते लंडनला परतले होते. दिवस ग्रंथालयात जाई आणि रात्रीही अभ्यास चाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध याच लंडन-वास्तव्यातला. अशा घराच्या भिंतीही आपल्याला पूज्य वाटतात, यात नवल नाही.

हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि आपल्या समाजाने आनंद साजरा केला. पण खरी परीक्षा पुढेच होती. राहत्या घराचे संग्रहालय करायचे, तर तेथील स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. तिच्यासाठीचा अर्ज २०१८ साली, म्हणजे उद्घाटनानंतर, गेला. कॅम्डेन कौन्सिलने तो नाकारला. घरांची टंचाई असताना एक राहते घर कमी होते, असे कारण दिले. काही शेजाऱ्यांनी वर्दळीची आणि गोंगाटाची तक्रार केली होती. मग अपील झाले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली, आणि अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली.

बंधूंनो, ही बातमी वाचताना आम्हालाही संताप आला होता. पण शांतपणे विचार केला, तेव्हा एक गोष्ट मनाला बोचली. ज्या महामानवाने आयुष्यभर कायद्याचा आधार घेतला, त्याच्याच घराचा कागद अपुरा राहावा काय? आधी परवानगी, मग हारतुरे, हा क्रम आपण पाळला पाहिजे. आणि शेजाऱ्याला विरोधक न मानता, त्याला आधी घरात बोलावून घर दाखवले पाहिजे. मैत्रीची भावना आपण विहारात रोज म्हणतो, ती गल्लीतही आचरावी लागते.

दुसरे घर आपल्या जवळचे, दादरचे राजगृह. बुद्धकालीन मगधाच्या राजधानीचे नाव धारण करणारे हे घर बाबासाहेबांनी ग्रंथांना जागा हवी म्हणून बांधले. तळमजल्यावर त्यांच्या स्मृती जपल्या आहेत, वर कुटुंबीय राहतात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा आपला माणूस तेथेही माथा टेकतो. त्या घराच्या आवारात ७ जुलै २०२० रोजी तोडफोड झाली. कुंड्या फोडल्या गेल्या, काचा फुटल्या. तरीही त्या घराचे दार लोकांसाठी बंद झाले नाही. ज्या घरात माणसे येत-जात राहतात, त्याला लोकांचाच पहारा असतो.

आता स्वतःकडे पाहू. आपल्या संस्थेचे वाचनालय आहे. जयंतीला आपण त्याला तोरण बांधतो. पण गेल्या परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी आले आणि कुलूप पाहून परत गेले. किल्ली एकाच पदाधिकाऱ्याच्या घरी होती आणि ते गावाला गेले होते. हा दोष त्यांचा एकट्याचा नाही, आम्हा सर्वांचा आहे. लंडनच्या घरावर तावातावाने बोलणारे आम्ही, आमच्याच खोलीचे दार उघडे ठेवू शकलो नाही.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. देणगीतून इमारत उभी राहते, पण वीजबिल दर महिन्याला येते. यंदाच्या देणग्यांतील एक भाग मुदत ठेवीत ठेवू आणि त्याच्या व्याजातून बिल आणि झाडलोट भागवू. किल्ल्या तीन करू, त्यांतली एक महिला मंडळाकडे राहील. पाळीचा तक्ता फळ्यावर लावू. येणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहू. त्या वहीवरूनच पुढच्या वर्षी आपले काम मोजता येईल.

विद्यार्थी मित्रहो, आठवड्यातून दोन तास तुमचे द्या. येणाऱ्याला पुस्तक काढून द्या, बाबासाहेब कसे शिकले ते सांगा. पुढच्या मेळाव्यात आम्ही भाषण करणार नाही, ती नोंदवही वाचून दाखवू. ती भरलेली असावी, एवढीच विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!