बुटाच्या खोक्यातली पुडी



नवे बूट, पर्स किंवा कॅमेरा घरी आणला, की खोक्यातून एक छोटीशी पुडी खाली पडते. 'खाऊ नका' अशी इंग्रजीतली सूचना आपण वाचतो आणि पुडी केरात टाकतो. पावसाळ्यात मात्र तिचा चांगला उपयोग होतो.

तिच्यात बहुधा सिलिका जेल असते. नाव जेल, पण असतात साबुदाण्यासारखे कडक दाणे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर पॅट्रिक यांना ते बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट १९१९ साली मिळाले. दाण्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. एका ग्रॅममधल्या छिद्रांचा पृष्ठभाग उलगडला, तर कित्येकशे चौरस मीटर भरेल! हवेतली वाफ त्याला चिकटून बसते. दाणा विरघळत नाही; तापवला की पाणी सोडतो आणि पुन्हा कामाला लागतो.

मग कपाटात पुडी ठेवूनही बुरशी का येते? साधा हिशेब करू. भर पावसाळ्यात एक घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम पाणी असते. दोन ग्रॅमची पुडी फार तर पाऊण ग्रॅम पाणी धरते. दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या कपाटापुढे तिचा काय पाड लागणार? पाच लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यातल्या हवेत मात्र ग्रॅमच्या आठव्या हिश्श्याएवढेच पाणी असते. तिथे पुडी पुरून उरते. थोडक्यात, आधी घट्ट डबा, मग पुडी.

या डब्यात काय ठेवावे? ज्याची दुसरी प्रत नाही, ते. आजोबांची पत्रे, लग्नातले फोटो, घराचे खरेदीखत. पण कागद मुळातच सादळलेले असतील, तर पुडी पहिल्याच दिवशी थकेल. म्हणून मे महिन्यातल्या कोरड्या दिवशी, सावलीत मोकळे ठेवून मगच ते डब्यात भरावेत. पुड्या दोन-तीनच पुरेत. फार कोरडा झालेला जुना कागद ठिसूळ होतो. कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरते, तिथेही हाच उपाय. घरातल्या ज्येष्ठांचे श्रवणयंत्र रात्री बॅटरी काढून अशा डबीत ठेवले, तर घामाचा ओलावा निघतो. पुढच्या हंगामासाठी राखलेले भाजीचे बी वाळवून ठेवायलाही ती उपयोगी पडते.

दमलेली पुडी ताजी कशी करायची? वेष्टन बहुधा प्लास्टिकच्या धाग्याचे असते, ते वितळते. म्हणून दाणे स्टीलच्या ताटलीत काढून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवावेत. धूळ नाकात जाऊ देऊ नये. गरम असतानाच कोरड्या बरणीत झाकावेत, नाहीतर निवता निवता ते पुन्हा ओलावा धरतील. मग पातळ सुती कापडात पुरचुंडी बांधावी. पन्नासएक ग्रॅम दाणे साठले, तर कोरडे वजन चिठ्ठीवर लिहून ठेवा. पन्नासाचे साठ झाले, की समजा पुन्हा तापवायची वेळ आली.

आता सावधगिरी. साधे सिलिका जेल विषारी नाही, पण लहान मुलाच्या घशात पुडी अडकू शकते. निळे, ओलाव्याने गुलाबी होणारे दाणे घरात वापरू नका. त्यांत अपायकारक कोबाल्ट क्लोराइड असते. बुटातली पुडी मसाल्याच्या डब्यात नको. औषधाच्या बाटलीतली पुडी औषध संपेपर्यंत तिथेच राहू द्या. खाऊच्या पाकिटातल्या काही पुड्यांत लोहाची भुकटी किंवा कळीचा चुना असतो. चुन्यावर पाणी पडले, तर तो उकळतो आणि डोळे भाजू शकतात. म्हणून 'सिलिका जेल' असे स्पष्ट लिहिलेलीच पुडी ठेवावी. बाकीच्या न फोडता टाकाव्यात.

पुढच्या वेळी खोके उघडाल, तेव्हा पुडी लगेच एका घट्ट बरणीत टाका. उघड्यावर राहिली, तर कामाला येण्याआधीच ती हवेतले पाणी पिऊन मोकळी होते.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)