उपचार कोण करणार?



 मला आपल्या शेजारी, गोव्यात झालेल्या एका संशोधनाबद्दल बोलायचं आहे. वैद्यकीय जगात त्याचा मोठा मान आहे, पण सीमेच्या अलीकडे सावंतवाडीत त्याची चर्चा फारशी होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

डॉ. विक्रम पटेल मूळ मुंबईचे, मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी त्यांनी झिम्बाब्वेत काम केलं. तिथे मनोविकारतज्ज्ञ अगदी मोजके. परत आल्यावर १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गोव्यात 'संगत' ही संस्था सुरू केली. आपल्याकडेही तज्ज्ञ थोडे आणि आजारी माणसं फार. मग उपचार कोण करणार?

त्यांनी आसपासच्या गावांतली माणसं निवडली. डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हेत. नैराश्य आणि चिंता यांवरच्या 'मानस' प्रयोगात या माणसांना समुपदेशक म्हणून दोन महिन्यांचं प्रशिक्षण दिलं आणि २४ आरोग्य केंद्रांत व दवाखान्यांत हा प्रयोग झाला. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या सरकारी केंद्रांत समुपदेशक होते तिथे जास्त रुग्ण बरे झाले. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही, आणि तेही त्यांनी जसंच्या तसं छापलं. या संशोधनावर माझा विश्वास बसला तो इथे.

पुढच्या प्रयोगात तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते, गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले. समुपदेशक त्यांना सहा ते आठ वेळा भेटत. काय करत? उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी शेजारी जाणं, मग बाजार, मग स्वयंपाक, मग आंघोळही. जितकं सुटतं तितकी उदासी वाढते, आणि उदासी वाढली की आणखी सुटतं. समुपदेशक हे चक्र कृतीच्या बाजूने तोडतो. मन लागेल तेव्हा उठू, अशी वाट पाहायची नाही. या आठवड्यात कोणतं एक छोटं काम करायचं, ते दोघं मिळून ठरवतात. पुढच्या भेटीत ते झालं का, कसं वाटलं, काय आडवं आलं, हे बघतात. समुपदेशक एकमेकांच्या भेटींच्या ध्वनिफिती ऐकून चुका दाखवत आणि गुणही देत. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ते न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

म्हातारपणाचंही सांगतो. तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या ८१ कुटुंबांबरोबर काम केलं. हा आजार बरा करणारं औषध आजही नाही. पण घरी जाऊन आजार समजावून सांगणारं, सांभाळणाऱ्या सुनेचं किंवा बायकोचं ऐकून घेणारं माणूस मिळालं, तेव्हा सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. रुग्णाशेजारी रात्र रात्र जागणाऱ्या बाईची चौकशी आपण कितीदा करतो?

यावरून कुणीही उठून उपचार करावेत, असा अर्थ काढू नका. "मनाला लावून घेऊ नकोस", "जरा फिरून ये", हे उपचार नव्हेत. त्या समुपदेशकांना शिकवलेलं होतं, त्यांच्यावर देखरेख होती आणि गरज पडली तर मागे डॉक्टर होते.

मानसशास्त्र, समाजकार्य, परिचर्या शिकणाऱ्यांनो, हे काम शिकून घ्या आणि आपल्याच तालुक्यात करा. इथे त्याची फार गरज आहे. बाकीच्यांनी एवढं करा. वर्गातली एखादी मैत्रीण किंवा मित्र जेवेनासा झाला, कॉलेजला येईनासा झाला, तर घरी जाऊन भेटा. मरणाची भाषा निघाली तर ती गोष्ट पोटात ठेवू नका, घरच्यांना किंवा शिक्षकांना सांगा. 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आत्ताच मोबाईलमध्ये नोंदवा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी लागला तरी फोन करायला लाजू नका.