गुलामगिरी नेहमी दुसऱ्याच्याच देशात?

(सोलापूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



विडीची सूपं आणि त्यावर वाकलेल्या बायका आपल्या सगळ्यांच्या परिचयाच्या आहेत, म्हणून सुरुवात विडीपासूनच करते. १९९९ साली अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यानं कर्नाटकातल्या एका कंपनीच्या विड्या अडवल्या. वेठीला धरलेल्या मुलांकडून त्या वळून घेतल्या जातात, असं कारण दिलं. त्याआधी १९९६ साली, सिंगापूरच्या व्यापार परिषदेत, मजुरांच्या हक्कांची अट व्यापाराला जोडावी असा अमेरिकेचा आग्रह होता आणि भारत सरकारचा त्याला विरोध. एक सरकार माणुसकीचं नाव घेत होतं, दुसरं म्हणत होतं, हा आमचा माल पाडायचा डाव आहे. या भांडणात विडी वळणारीला विचारलं कुणी?

हा प्रकार जुना आहे. ब्रिटननं १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला आणि मग त्याचं आरमार इतर देशांची गुलामांची जहाजंही अडवू लागलं. यात दयाबुद्धी होती, तसा समुद्रावरचा वचकही होता. मागे मोठी लोकचळवळ होती. गुलामांनी पिकवलेली साखर घरात आणायची नाही, असं तिथल्या बायकांनी ठरवलं होतं. १८३३ साली वसाहतींमधल्या गुलामांच्या मुक्तीचा कायदा झाला. दोन कोटी पौंड भरपाई दिली गेली, पण मालकांना, गुलामांना नव्हे! आणि कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान त्या कायद्यातून वगळला. इथे कायदा आला १८४३ साली.

आता आपल्या सोलापूरकडे येऊ. १८६० साली इथे रेल्वे आली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडचा कापूस गुलामांच्या श्रमावर पिकायचा. तो मिळेना, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसावर तुटून पडल्या. कापसासाठी ब्रिटन आपली बाजू घेईल, अशी दक्षिणेची आशा होती. १ जानेवारी १८६३ ला लिंकननं बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचं जाहीर केलं. मग ब्रिटनला मालकांच्या बाजूनं उभं राहणं अवघड झालं. जाहीरनामा ही युद्धातली चालही होती, पण त्यानं माणसं खरोखर सुटली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि तेजीत काढलेलं कर्ज दख्खनच्या शेतकऱ्याच्या गळ्याशी आलं. १८७५ साली पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी झालेला कायदा सोलापूर जिल्ह्यालाही लागू होता.

आपलं घरही यातून सुटत नाही. १६७७ साली शिवाजी महाराजांनी जिंजीकडच्या मुलखात डचांना गुलाम म्हणून माणसं विकत घ्यायला मनाई केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण पुढे पेशवाईत सरकारी कोठारांत आणि पागांत कुणबिणी राबत होत्या. बदकर्माचा ठपका ठेवून दासी केलेल्या बायकाही त्यांत होत्या. परक्यानं माणूस नेला तर ती गुलामगिरी. घरात बाई राबवली तर ती रीत!

जोतिरावांनी हे ओळखलं होतं. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलाममुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, आणि लिहिलं मात्र इथल्या शूद्रातिशूद्रांच्या गुलामीवर. परक्याचं उदाहरण त्यांनी आपलं घर झाकायला वापरलं नाही.

म्हणून बाहेरचा देश बोट दाखवतो तेव्हा ‘आधी स्वतःकडे बघा’ हे उत्तर सरकारला देऊ द्या. आपलं काम वेगळं आहे. मूल वेठीला बसतं ते आई-बापानं घेतलेल्या उचलीपोटी. माल अडवल्यानं ती उचल फिटत नाही, उलट चूल विझते. राज्यघटनेचं २३ वं कलम आणि १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा ही आपली हत्यारं आहेत. त्या कायद्यानं वेठीचं कर्जच रद्द होतं. हे वस्तीवस्तीत सांगू या, उचलीत अडकलेल्या घरांची यादी करू या आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे त्यांच्या सुटकेचा दाखला व पुनर्वसनाचे पैसे मागू या. या वेळी भरपाई मालकाच्या हाती पडता कामा नये.