अनर्थाचे अखंड दर्शन
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिष्यवृत्त्या, वसतिगृह व वधूवरसूचन हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय. आज मी त्यांहून निराळा, परंतु आपणां प्रत्येकाच्या घरात शिरलेला एक विषय मांडण्याची अनुज्ञा मागतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला आणि २९ तारखेच्या सकाळी ताजमहाल हॉटेलातील अखेरची चकमक संपली. १६६ जणांचे प्राण गेले. त्या सुमारे ६० तासांत कित्येक घरांतील दूरचित्रवाणी संच बंद म्हणून झाला नाही. ताजच्या छतावरील तोच धूर, नरिमन हाउसवर हेलिकॉप्टरातून उतरणारे तेच कमांडो, लोक पुनःपुन्हा पाहत राहिले. सीमेपलीकडील सूत्रधारही ते प्रक्षेपण पाहून मारेकऱ्यांस दूरध्वनीवरून सूचना देत होते. या थेट प्रक्षेपणाने सुरक्षादलांचे कार्य अधिक बिकट व धोक्याचे झाले, असा ठपका सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ठेवला. पुढे २०१५ साली अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणास नियमाने बंदी झाली.

वाहिन्यांस नियम लागला; आपल्या डोळ्यांस कोण नियम घालणार?

२०१३ साली अमेरिकेत बोस्टन येथील मॅरेथॉन शर्यतीत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर संशोधकांनी ४,६७५ लोकांची पाहणी केली. पुढील आठवड्यात रोज सहा तास वा अधिक काळ त्या वार्ता पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांनी, स्फोटस्थळी वा त्याच्या निकट असलेल्यांहूनही अधिक मानसिक ताण सांगितला. आधीच व्याकुळ असलेले लोक अधिक पाहत असतील, हेही खरे. तथापि विचार करावयास लावणारी ही गोष्ट आहे.

आपण पाहतो ते निर्दयपणाने नव्हे. संकट टळले, हे कळेपर्यंत मन स्वस्थ बसत नाही. परंतु वाहिनी ते कधी सांगतच नाही. नवे वृत्त नसले की जुनेच दृश्य फिरवून दाखविते. लहान मुलास तर तो अनर्थ पुन्हा घडला असेच वाटू शकते.

आपल्या पूर्वजांनी शोकास मर्यादा घातली होती. सुतक दहा दिवसांचे. तेराव्यानंतर घर पुन्हा व्यवहारास लागे. त्या दिवसांत शेजारी नुसते पाहत बसत नसत. कोणी पिठले-भात धाडी, कोणी सोबतीस राही. जुने आचार जसेच्या तसे पाळा, असे माझे म्हणणे नाही. शोकास शेवट असावा आणि शोकात कर्तव्य असावे, हे त्यांतील मर्म मात्र आपण गमावू नये.

म्हणून माझी विनंती इतकीच: सकाळ-सायंकाळ एकेकदा वृत्त ऐकावे व संच बंद करावा. मुलांस जवळ घेऊन घडले ते शांतपणे सांगावे. आणि उरलेल्या वेळात रक्तपेढीस विचारावे, संकटग्रस्त परिचिताची चौकशी करावी. दुःख पाहणे म्हणजे दुःखात सहभागी होणे नव्हे.