धास्तावलेलें मन आणि योग्य काम

शिक्षण पुरें झालें, पदवीचा कागद हातीं आला, कीं घरच्या मंडळींना वाटूं लागतें, आतां लवकरच मुलगा मार्गाला लागेल, मुलगी आपल्या पायांवर उभी राहील. अर्ज जातात, बोलावणेंहि येतें; आणि मुलाखतीच्या आदल्या रात्रीं उमेदवाराचा डोळ्याला डोळा लागत नाहीं. सकाळीं पोटांत गोळा उठतो, तळहातांना घाम सुटतो, ओठ कोरडे पडतात, आणि शेवटीं कांहीं तरी निमित्त सांगून जाणें टाळलें जातें. वडील माणसें याला आळस म्हणतात, शेजारी भित्रेपणा म्हणतात, आणि ज्याच्यावर प्रसंग येतो तो मनाशीं ठरवून टाकतो, कीं आपण कोणत्याच कामाच्या योग्यतेचे नाहीं. या तीन मतांपैकीं तिसरें मत अधिक घातक. कारण तें बाहेर बोलून दाखविलें जात नाहीं, आणि म्हणून कोणी खोडूनहि काढीत नाहीं.

थोडीशी धास्ती सर्वांनाच असते, आणि ती उपयोगीहि पडते. परीक्षेची मुळींच भीति नसलेला विद्यार्थी पुस्तक उघडीत नाहीं. परंतु हीच धास्ती महिनोन्महिने टिकूं लागली, झोप, भूक आणि रोजचा व्यवहार यांवर तिचा अंमल बसूं लागला, म्हणजे वैद्यकशास्त्र तिला विकार मानतें. अशा मनाच्या माणसानें उपजीविकेसाठीं कोणतें काम धरावें, हा प्रश्न आज पुष्कळ घरांतून विचारला जातो. त्याला दोन उत्तरें ठरलेलीं आहेत. कोणी म्हणतो, ‘कोपऱ्यांत बसून करण्याजोगें, कोणाशीं संबंध न येणारें काम पहा.’ दुसरा म्हणतो, ‘पाण्यांत ढकलून द्या, म्हणजे आपोआप पोहतां येईल.’ हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. त्यांतील उणीव कळण्यासाठीं एका तरुण बॅरिस्टराची हकीकत पाहणें उपयोगाचें होईल. ती त्यानें स्वतःच पुढें मोकळेपणानें लिहून ठेवली आहे.

हा तरुण लहानपणीं इतका लाजाळू होता, कीं शाळा सुटतांच, वाटेंत कोणी आपल्याशीं बोलेल या भयानें, तो पळत घरीं येई. पुढें तो कायद्याच्या अभ्यासासाठीं लंडनला गेला. तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणींत त्याची निवड झाली. पण सभेंत त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. एकदा व्हेंटनर येथील सभेसाठीं त्यानें भाषण लिहून नेलें. सारें भाषण फुलस्केपच्या एका पानाहून मोठें नव्हतें. तो उभा राहिला, दृष्टि अंधुक झाली, अंग कांपूं लागलें, आणि तें एक पान दुसऱ्याला वाचून दाखवावें लागलें. लंडन सोडतांना मित्रांना दिलेल्या मेजवानींत त्यानें विनोदानें आरंभ करावयाचें योजिलें होतें. पहिल्या वाक्यापुढें स्मरणानें दगा दिला, आणि आभाराचे दोन शब्द बोलून तो खालीं बसला. हा तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. त्यांची आत्मकथा १९२५ ते १९२९ या काळांत ‘नवजीवन’ साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली, तींत हे प्रसंग आलेले आहेत.

१८९१ सालीं गांधीजी बॅरिस्टर होऊन परत आले. विलायतेच्या खर्चाचा भार थोरल्या भावानें सोसला होता, आणि घरांत आशा मोठी होती. मुंबईस बिऱ्हाड झालें. हायकोर्टांत रोज जाऊन बसावें, कामकाज ऐकावें, असा क्रम सुरू झाला. पण तेथें डुलकीच अधिक लागे. अशांत स्मॉल कॉज कोर्टांतील एक लहानसा खटला हातीं आला. पक्षकार ममीबाई नांवाच्या बाई होत्या, आणि फी ३० रुपये ठरली. काम एका दिवसांत आटोपण्याजोगें होतें. गांधीजी प्रतिवादीतर्फे होते, म्हणून वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी त्यांना करावयाची होती. ते उभे राहिले मात्र, डोकें गरगरूं लागलें, सारें कोर्ट फिरतें आहे असा भास झाला. विचारण्याजोगा एकहि प्रश्न सुचेना. ते खालीं बसले. ‘हें काम माझ्यानें होणार नाहीं, तुम्ही पटेलांना नेमा आणि आपली फी परत घ्या,’ अशा अर्थाचें त्यांनीं दलालास सांगितलें. पटेलांना ५१ रुपये देऊन नेमण्यांत आलें. खटल्याचा निकाल काय लागला हें पाहण्यासाठींसुद्धां गांधीजी थांबले नाहींत. आणि दक्षिण आफ्रिकेस जाईपर्यंत त्यांनीं पुन्हां कोर्टाची पायरी चढली नाहीं.

येथपर्यंतची हकीकत ऐकली, तर कोणीहि म्हणेल कीं हा मनुष्य वकिलीला नालायक होय. त्यांनाहि तसेंच वाटलें असावें. कारण एका नामांकित हायस्कुलांत रोज एक तास इंग्रजी शिकविण्यासाठीं ७५ रुपयांवर शिक्षक हवा, अशी जाहिरात पाहून त्यांनीं तेथें अर्ज केला. ते पदवीधर नाहींत म्हणून तीहि जागा मिळाली नाहीं. परंतु याच दिवसांत एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे सामान्यतः कोणाचें लक्ष जात नाहीं. पोरबंदरच्या एका गरीब मुसलमान गृहस्थाची जमीन जप्त झाली होती. त्याचा अर्ज गांधीजींनीं लिहून दिला. तो मित्रांना वाचून दाखविला, त्यांना तो पसंत पडला, आणि अर्ज लिहिण्याची पात्रता तरी आपल्यांत आहे, एवढा विश्वास त्यांच्या मनांत उत्पन्न झाला.

त्या विश्वासाच्या आधारानें मुंबईचें बिऱ्हाड मोडून ते राजकोटला गेले. तेथें भावाच्या भागीदाराच्या वकिलीमुळें अर्ज लिहिण्याचें काम मिळूं लागलें, आणि महिन्याला सरासरी ३०० रुपयांची प्राप्ति होऊं लागली. मग दादा अब्दुल्ला यांच्या पेढीचें बोलावणें आलें. दक्षिण आफ्रिकेंत त्यांचा ४०,००० पौंडांचा दावा चालला होता. एक वर्षाची मुदत, जाण्यायेण्याचें पहिल्या वर्गाचें भाडें, राहण्याजेवण्याचा खर्च आणि १०५ पौंड, अशा बोलीवर १८९३ च्या एप्रिलांत गांधीजी निघाले. काम दुय्यम होतें. मोठ्या वकिलांना हकीकत समजावून द्यावयाची आणि पत्रव्यवहार पाहावयाचा, एवढेंच त्यांच्याकडे होतें.

आणि या दुय्यम कामांतच त्यांना आपली वकिली सांपडली. दावा सारा हिशेबांचा होता, आणि हिशेब त्यांना येत नव्हता. जमाखर्चाचें पुस्तक विकत घेऊन त्यांनीं तो शिकून घेतला. गुजराती कागदपत्रांचें भाषांतर केलें, एकेक नोंद तपासली, आणि त्यांच्या ध्यानांत आलें, कीं वस्तुस्थितीची पुरी पकड असली म्हणजे कायदा बहुतेक आपल्या बाजूला येतो. प्रतिपक्षी तय्यब शेठ हे अशीलांचे नातलग. खटला असाच चालला तर दोघेहि धुळीस मिळतील हें दिसत होतें. गांधीजींनीं उभयतांची समजूत घातली, लवाद नेमला गेला, आणि दादा अब्दुल्लांच्या बाजूनें ३७,००० पौंड व खर्च असा निवाडा झाला. एवढी रक्कम एकदम भरणें तय्यब शेठना शक्य नव्हतें, आणि व्यापाऱ्याला दिवाळें हें मरणाहून वाईट. तेव्हां लांब मुदतीचे हप्ते बांधून देण्यास त्यांनीं अशीलांना राजी केलें. आणि निवाड्यापेक्षां हें राजी करणेंच त्यांना अधिक कठीण गेलें. पुढील वीस वर्षांच्या वकिलींत शेंकडों तंटे त्यांनीं याच रीतीनें कोर्टाबाहेर मिटविले.

या हकीकतीचा निष्कर्ष, भित्रा माणूस शेवटीं थोर होतो, असा काढूं नये. थोर पुरुषांच्या गोष्टींनीं धास्तावलेल्या माणसाला धीर येण्याऐवजीं पुष्कळदां ओझेंच वाढतें. गांधीजींना कांहीं विकार होता, असेंहि आज म्हणतां येणार नाहीं. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट याहून साधी आहे. वकिली हें नांव एक असलें, तरी त्या नांवाखालीं वाचणें, माहिती गोळा करणें, मसुदा लिहिणें, अशीलाशीं बोलणें, तडजोड घडविणें आणि भर कोर्टांत बोलणें, अशीं निरनिराळीं कामें एकत्र नांदत असतात. गांधीजींचें मन त्यांपैकीं एकाच ठिकाणीं अडखळलें होतें. परंतु तेंच ठिकाण सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें, म्हणून सारा व्यवसायच हातचा गेला असें दिसलें. त्यांनीं दुसऱ्या टोकाकडून आरंभ केला.

हीच विभागणी कोणालाहि कागद-पेन्सिल घेऊन करतां येते. जें काम मनांत आहे त्याचे तुकडे पाडावेत, आणि कोणत्या तुकड्यापाशीं छाती धडधडते, कोणत्या ठिकाणीं मन रमतें, हें प्रामाणिकपणें लिहून काढावें. साठ मुलांच्या वर्गापुढें घाबरणारी शिक्षिका घरीं दोघांतिघांना उत्तम शिकवूं शकेल. आंकडेमोडींत चोख असलेल्याला केवळ टेलिफोन उचलण्याची धास्ती वाटत असेल. ‘शांत’ म्हणून नांवाजलेल्या कामांतहि हेंच पाहावें. मुद्रितशोधकाला गर्दी नाहीं, पण वर्तमानपत्राच्या कचेरींत रोज रात्रीं घड्याळाचा कांटा त्याच्या मानेवर असतो. ग्रंथपालाला पुस्तकांची संगत लाभते, पण देवघेवीच्या टेबलापाशीं तक्रारीहि त्यालाच ऐकाव्या लागतात. हिशेबनिसाचा मार्च महिना कसा जातो, हें त्याच्या घरच्यांना विचारावें. तेव्हां कामाच्या नांवावरून निवड करणें फसवें ठरतें; दिवसाच्या आठ तासांत प्रत्यक्ष काय करावें लागतें, हें विचारूनच ती करावी. काय करावयाचें, कोणाला विचारावयाचें आणि केव्हां संपवावयाचें, हें जेथें स्पष्ट असतें, तेथें अशा मनाला बराच विसांवा मिळतो.

मात्र येथें एक धोका आहे, आणि त्याचें कारण मनाच्या रचनेंतच आहे. भीतीच्या जागेपासून पळ काढला, कीं तत्काळ हायसें वाटतें. तें सुख मनाला शिकवितें, कीं पळालों म्हणून वांचलों. आणि पुढच्या खेपेस भीति अधिक मोठी होऊन येते. उलट, त्या जागीं थोडा वेळ टिकून राहिलें, तर ती आधीं चढते आणि मग आपोआप उतरूं लागते. मानसोपचारांत भीतीला पायरीपायरीनें सामोरें जाण्याची जी पद्धत आहे, तिचा पाया हाच. घरांत बसून करण्याचें काम २०२० नंतर पुष्कळांच्या वांट्याला आलें. कित्येकांना त्यानें खरोखर आराम दिला. परंतु ज्याला माणसांचेंच भय, त्याला तीच खोली हळूहळू कोंडवाडा होण्याचा संभव असतो. म्हणून काम बदलतांना प्रत्येकानें स्वतःला एवढेंच विचारावें: ही माघार घेतल्यावर हातांत दुसरें काम येणार आहे, कीं केवळ सुटका? गांधीजींनीं कोर्ट सोडलें, पण लेखणी सोडली नाहीं. म्हणूनच १८९४ सालीं नाताळच्या सर्वोच्च न्यायालयांत वकील म्हणून त्यांचें नांव दाखल होऊं शकलें.

सुधारणा सरळ रेषेंत होत नाहीं, हेंहि घरच्यांनीं जाणलें पाहिजे. १८९६ सालीं मुंबईंतच, सर फिरोजशहा मेहता यांच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या सभेंत, गांधीजी पुन्हां कांपूं लागले, आणि त्यांचें छापील भाषण अखेर दिनशा वाच्छांनीं वाचून पुरें केलें. दक्षिण आफ्रिकेंत तीन वर्षें सार्वजनिक कार्य केल्यानंतरची ही गोष्ट आहे. तेव्हां महिनाभर नीट कामावर गेलेली मुलगी एखाद्या सोमवारीं दाराशीं अडखळली, तर ‘पुन्हां तेंच सुरू झालें’ असें म्हणण्याची घाई करूं नये.

घरच्यांचें कर्तव्य या हकीकतींत आणखी एका रीतीनें दिसतें. थोरल्या भावाची निराशा थोडी नसेल. तरी राजकोटचें काम त्याच्याच संबंधांतून मिळालें, आणि आफ्रिकेचें बोलावणेंहि प्रथम त्यालाच आलें. बोल लावण्यापेक्षां पुढची पायरी शोधून देणें, हें काम घरांतील माणूसच उत्तम करूं शकतो. मुलाखतीचे प्रश्न दोन दिवस आधीं घरांतच विचारून सराव करून घ्यावा. पहिलीं दोन वाक्यें पाठ असावींत. त्या सकाळीं चहा-कॉफीचा मारा नसावा, कारण त्यानें धडधड वाढते. आणि शेजारच्या मुलाचा पगार जेवतांना काढूं नये.

याउपर धास्ती हटत नसेल, तर वैद्याकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. कंठस्थ ग्रंथि अधिक काम करूं लागली तरी हात कांपतात, घाम येतो, छाती धडधडते. म्हणून आधीं शरीराची तपासणी करावी. विचारांची दिशा बदलणारे उपचार आणि जरूर तेथें औषधें, या दोहोंचाहि गुण पुष्कळांना येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें सरकारी सेवेंतून असे उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते, आणि तेथें मराठींतहि बोलतां येतें.

सभेंतील संकोच आपल्याला कधींच पुरता सोडून गेला नाहीं, असें गांधीजींनीं प्रौढपणीं लिहिलें. परंतु त्यामुळें शब्द जपून वापरण्याची संवय लागली, हा लाभहि त्यांनीं नमूद केला. १२ नोव्हेंबर १९४७ रोजीं ते दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रांत आले, आणि कुरुक्षेत्राच्या छावणींतील निर्वासितांशीं ध्वनिक्षेपकावरून बोलले. आकाशवाणीच्या केंद्रांत ते एवढ्या एकाच वेळीं आले. व्हेंटनरचें तें एक पान आणि हा दिवस यांच्यामध्यें अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला होता. इतक्या लांबचा पल्ला प्रत्येकाला गांठावयाचा नसतो. उद्यां सकाळीं लिहावयाचा एक अर्ज, भेटावयाचा एक माणूस, विचारावयाचा एक प्रश्न, एवढें ज्याला ठरवितां आलें, त्याच्या कामाचा शोध सुरू झाला असें समजावें.