चौथी गोष्ट

गर्भपातानंतर रुग्णालयातून घरी निघालेल्या स्त्रीला बहुधा तीन गोष्टी सांगितल्या जातात. विश्रांती घ्यावी, औषधे नेमाने घ्यावीत, ताप आला किंवा रक्तस्राव वाढला तर तत्काळ परत यावे. चौथी गोष्ट पुष्कळदा राहूनच जाते. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आतही बीजमोचन होऊ शकते. म्हणजे पुढली पाळी दिसण्यापूर्वीच पुन्हा दिवस राहणे संभवते. ‘पाळी आली की मग या’ हा सल्ला कितीही ममतेने दिलेला असो, तो तिला फसवणारा आहे.

रोजगार बुडवून आलेल्या बाईला कुटुंबनियोजनासाठी दुसऱ्या वारी, दुसऱ्या इमारतीत, नवा केसपेपर काढून यावयास सांगणे म्हणजे न येण्याचीच सोय करून देणे होय. वैद्यकीय दृष्ट्या या दिरंगाईला फारसा आधार नाही. गोळ्या त्याच दिवशी सुरू करता येतात. शस्त्रक्रियेने झालेला गर्भपात निर्वेध पार पडला असेल, तर तांबीही त्याच वेळी बसविता येते. जंतुसंसर्ग असेल तर मात्र तो बरा होईपर्यंत तांबीसाठी थांबलेच पाहिजे.

शांतिलाल शाह समितीचा अहवाल 1966 साली आला आणि 1971 चा गर्भपातविषयक कायदा 1 एप्रिल 1972 पासून अमलात आला. संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरणे हे कारण त्या कायद्याने विवाहितेपुरते मान्य केले. 2021 च्या दुरुस्तीने ही विवाहाची मर्यादाही काढली. या दोन सेवांचे नाते असे कायद्यालाच ठाऊक होते. दुर्दैवाने काही सरकारी केंद्रांनी त्याचा उफराटा अर्थ लावला: आधी तांबी किंवा शस्त्रक्रिया कबूल कर, मग गर्भपात! अशा अटीला भिऊन बाई सुईणीकडे वा भोंदूकडे वळली, तर तिच्या जिवावरच बेतते. सज्ञान स्त्रीची संमती गर्भपाताला लागते, तशी ती साधनालाही लागते. एकीत दुसरी गृहीत धरता येत नाही. 1994 च्या कैरो परिषदेनेही गर्भपातानंतर समुपदेशन व कुटुंबनियोजनसेवा तत्परतेने देऊ कराव्यात, असे म्हटले. देऊ कराव्यात, लादाव्यात नव्हे.

शिवाय हवाहवासा गर्भ आपोआप पडलेली स्त्रीही त्याच खाटेवर असते. तिच्यापुढे साधनांची यादी वाचण्यापूर्वी परिचारिकेने क्षणभर बसून तिला काय हवे आहे हे विचारावे. ज्यांना साधन हवे, त्यांच्यासाठी ते त्याच खोलीतील कपाटात असावे, आणि त्या कपाटाची किल्ली दुपारीच घरी जाणाऱ्या कारकुनाच्या खिशात नसावी.